अडली

समन्वय हा शब्द ज्याने शोधून काढला, त्याला एकदा आमच्या खोलीत आणून बसवायला हवं होतं. दारावर पाटी 'आपत्कालीन आरोग्य समन्वय कक्ष', आत सहा टेबलं, एक गळकी खिडकी आणि त्या खिडकीखाली बादली. पूर आला, दरड कोसळली, बस दरीत गेली, की जिल्ह्यातले सगळे फोन आमच्याकडे. कुणाला कुठली गाडी, कुणाला कुठला दवाखाना, हे आम्ही ठरवायचं. निदान पाटीवरून तरी तसं वाटतं.

मी शेखर. आरोग्य खात्यात केस पांढरे झाले. त्या आठवड्यात माझ्याकडे शहरातल्या रुग्णवाहिका होत्या. म्हणजे कुठली गाडी कुठे उभी आहे हे मला तोंडपाठ हवं, पण ती तिथून हलवायचा अधिकार मला नसावा, अशी एकंदर व्यवस्था.

गोदावरीला पूर होता. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं होतं आणि निम्मं नाशिक ते बघायला पुलावर उभं होतं. टीव्हीवाले घाटावर होते. दुपारी एक बडे पाहुणे पूर बघायला येणार होते, म्हणून माझ्या दोन गाड्या त्यांच्या ताफ्यामागे लावून ठेवल्या होत्या. पाहुण्यांना चक्कर आली तर असाव्यात. आदल्या दिवशी वरून हुकूम आला होता की तालुक्यांमधल्या जादा गाड्या शहरात आणा. त्याप्रमाणे सुरगाण्याकडची चांगली रुग्णवाहिका गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयासमोर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर आत वडे खात होता. पूर तिथेही नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावर वेदिका. पंचविशीची मुलगी, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, चुणचुणीत. आजोबांची पाथर्डी फाट्याकडे शेती होती, ती बिल्डरला गेली, आजोबाही गेले. तिच्याकडे ग्रामीण भागाचे फोन होते. कामाला वाघ, मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. आलेला प्रत्येक फोन तिने दोनपैकी एका कप्प्यात टाकायचा. 'उपचार' म्हणजे आजारी, जखमी, त्यांना रुग्णवाहिका. 'सुटका' म्हणजे पाण्यात, छतावर, झाडावर अडकलेले. त्यांना दोर आणि बोटवाले. सुटकेतही जे कोरड्या जागी आहेत त्यांच्यापुढे पिवळी खूण. पिवळे थांबू शकतात.

सकाळी नाश्त्याच्या सुमारास तिला एक फोन आला. पुढे तो रेकॉर्डवर मी ऐकला, म्हणून जसाच्या तसा सांगतो.

"ताई, गाडी धाडा. उंबरमाळवरून बोलतो. जयराम गावित."

"काय झालंय बाबा?"

"आमची सून अडली हाय. मीना."

"कुठे अडकली?"

"घरीच हाय."

"घरात पाणी शिरलंय का?"

"पाणी? पाणी नाय. घर उंचावर हाय आमचं."

"मग सुरक्षित आहे ना ती?"

इथे तो थांबतो. वाऱ्याचा आवाज येतो, कारण सुरगाण्याकडच्या त्या उंबरमाळला रेंज नाही, टेकडीवर चढून यावं लागतं. मग तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो, जरा हळू. "अडली हाय ताई. पहाटपासून. लवकर धाडा."

"हो बाबा, नोंद केली. पथक पाठवते. तोपर्यंत तिला घराबाहेर पडू देऊ नका. समजलं ना? अजिबात बाहेर काढू नका."

"बरं ताई," तो म्हणतो, आणि फोन तुटतो.

ज्यांना कळलं त्यांचा जीव इथेच खाली-वर झाला असेल. मराठीत गाय अडते, म्हैस अडते, बाई अडते. कळा येतात, पण मूल बाहेर येत नाही. येता येता थांबतं, आडवं होतं, आणि आई आणि मूल दोघंही एकमेकांत अडकून बसतात. त्याला अडणं म्हणतात. माझ्या आईच्या तोंडून हा शब्द आला की घरातली माणसं जेवणाच्या ताटावरून उठायची. सासऱ्याने परक्या मुलीला सुनेच्या बाळंतपणाचं यापेक्षा जास्त काय सांगायचं? तो एक शब्द पुरतो, असा त्याचा समज. आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

वेदिकाने लिहिलं: उंबरमाळ, महिला एक, घरात अडकली, पाणी नाही. सुटका. पिवळी खूण.

मग पुराने आम्हाला पकडलं. पंचवटीत एक म्हातारा गच्चीवरून पडला, गंगाघाटावर दोन पोरं सेल्फी काढताना वाहून जाता जाता वाचली, एका खाजगी दवाखान्याच्या तळघरात पाणी शिरलं आणि तिथले पेशंट हलवायला मला गाड्या मिळेनात. मी ताफ्यामागच्या दोन गाड्यांपैकी एक मागितली. वरचे साहेब म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे, तरी मी वाट पाहिली. वेदिका पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

आमचे प्रमुख डॉक्टर अश्विन अहिरे. नामपूरचा माणूस, शिकला मुंबईला, बोलतो पुण्यासारखं, पण राग आला की आतली अहिराणी बाहेर पडते. त्या दिवशी ती सारखी बाहेर पडत होती. दुपारी त्यांना बोट पथकाच्या प्रमुखाचा फोन आला. तो प्रमुख वैतागलेला.

"डॉक्टर, उंबरमाळला बोट कशाला मागवलीय? ती वस्ती डोंगरावर. नदी खाली दरीत. तिथे बोट न्यायची तर आम्हालाच खांद्यावर घ्यावी लागेल तिला."

डॉक्टर वेदिकाच्या टेबलाशी आले. "हाई काय शे? उंबरमाळला कुठून आला पूर?"

"पूर नाही सर. एक बाई घरात अडकलीये. रस्ता बंद झाला असेल म्हणून..."

"घरात आहे, कोरडी आहे, तर अडकली कशी? तो माणूस म्हणाला काय नेमकं?"

"म्हणाला, सून अडकलीये. मीना नाव."

"अडकली म्हणाला?"

वेदिकाने आठवून बघितलं. मला तिचा चेहरा दिसत होता. "अडली म्हणाला. पण ते तसंच बोलतात ना सर. अर्धे शब्द खातात. मी ते नीट करून लिहिलं."

डॉक्टरांनी खुर्चीची पाठ धरली. मीसुद्धा उठून उभा राहिलो, कारण मला कळलं होतं. खोलीत ज्यांचं बालपण गावात गेलं त्या सगळ्यांना एकदम कळलं.

"ती बाळंत होतेय, वेदिका," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पहाटेपासून बाळंत होतेय आणि होत नाहीये. अडली म्हणजे तेच."

तिचा हात तोंडावर गेला. "मी तिला घराबाहेर काढू नका म्हणाले," ती म्हणाली.

इथून पुढे जो काही समन्वय झाला तो खरा. डॉक्टरांनी वरचा हुकूम गुंडाळून ठेवला आणि गंगापूर रोडची गाडी स्वतःच्या नावावर परत पाठवली. ती शंभर किलोमीटरवर, वाटेत घाट, घाटात दरड. ती वेळेत पोचणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. जवळात जवळ होती ती तिकडच्या आरोग्य केंद्राची जुनी जीप. तिचा ड्रायव्हर मोतीराम. त्याला फोन लागला. केंद्रावरची नर्स गाडीत बसली, सोबत सलाइन आणि रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं घेतली, आणि मोतीराम निघाला. उंबरमाळच्या अलीकडे ओढ्यावर फरशी पूल आहे. तिथून त्याने कळवलं की फरशीवर कमरेएवढं पाणी आहे, गाडी घातली तर गाडीसकट आम्ही गुजरातेत.

"बोटवाले दोर घेऊन निघालेत तिकडे," डॉक्टर म्हणाले. "हलू नको तिथून. पाणी उतरलं की घाल."

आता राहिला जयराम. त्याला सांगायला हवं होतं की सुनेला झोळीत घाला आणि फरशीपर्यंत आणा. ज्या बाईने आणू नका सांगितलं होतं तीच आता आणा म्हणणार होती. वेदिका नंबर लावत होती. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावत होती. टेकडीवर माणूस चढून आल्याशिवाय तो फोन वाजणार नव्हता, आणि आपण सगळं सांगून झालंय, ताईने नोंद केलीय, अशा भरवशावर तो घरी बसला होता. गावच्या सरपंचाचा फोन बंद. गावातली आरोग्याचं काम बघणारी आशाताई ओढ्याच्या अलीकडे माहेरी अडकलेली. तीसुद्धा अडकलेलीच. डॉक्टरांनी हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं. तो भला माणूस म्हणाला, आणा, मी टेबल तयार ठेवतो. पण तिकडचा रस्ता सकाळीच खचला होता.

मग उरलं वाट पाहणं. हे काम मला सगळ्यात जास्त नकोसं वाटतं. पाहुणे येऊन गेल्याचं टीव्हीवर दिसलं, छत्री धरणारा माणूस भिजला होता, माझ्या गाड्या मोकळ्या झाल्या. आता त्या मला कुठेही पाठवता आल्या असत्या.

वेदिका रडली नाही. दर थोड्या वेळाने नंबर लावायची आणि मध्ये आलेले इतर फोन घ्यायची. प्रत्येकाला आता ती तीन-तीनदा विचारत होती, नक्की काय होतंय, कुठे दुखतंय, तुम्ही म्हणता त्याचा अर्थ काय. डॉक्टर तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

"आमच्या घरी म्हैस होती," ते म्हणाले. "अडली की आई आम्हा पोरांना शेजारी पाठवायची. आम्ही भिंतीआडून ऐकायचो. मग कुणीतरी म्हणायचं, सुटली. तो शब्द ऐकला की आम्ही उड्या मारायचो. बाईलासुद्धा तसंच म्हणतात. अडली होती, सुटली. म्हणजे मोकळी झाली, बाळंत झाली. फोन लागला की आधी तेच विचार. त्याला लाज वाटणार नाही, त्याच्याच भाषेत विचारलंस तर."

"सुटली का," वेदिका स्वतःशी म्हणाली. परीक्षेच्या आधी पाठ करावं तसं दोनदा म्हणाली. तिच्या स्क्रीनवर उंबरमाळची ओळ अजून सुटकेच्या कप्प्यातच होती. तिने ती काढून उपचारात टाकली, लाल खूण केली. त्याने काही होणार नव्हतं, पण ती चूक तिला तिथे बघवत नव्हती.

चार वाजायला आले होते. पाऊस इकडे कमी झाला होता. मोतीरामचा निरोप आला की पाणी मांडीपर्यंत उतरलं, बोटवाल्यांनी दोर बांधला, थोड्या वेळात गाडी घालतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा चहाचा कप हातात घेतला. आणि वेदिकाचा फोन वाजला. तिने नंबर बघितला आणि स्पीकर लावला.

"बाबा, मी नाशिकहून. मीनाताई कशी आहे? सुटली का?"

वारा होता. धापा टाकल्याचा आवाज होता. मग जयरामचा आवाज, सकाळच्यासारखाच हळू.

"हां ताई. सुटली."

वेदिकाने हात वर केला, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू आलंच होतं तरी म्हणाली, "सर, सुटली." मागच्या टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली. मी खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि कप तसाच हातात धरून ठेवला. आणि फोनमधून, वाऱ्यामधून, एक बारीक, चिडका, जिवंत आवाज आला. बाळ रडत होतं. आमच्या त्या खोलीत इतकं चांगलं काही कधी ऐकू आलं नव्हतं. एक-दोघं तर हसलेच.

"मुलगा की मुलगी, बाबा?"

"पोरगी हाय."

"तुम्ही टेकडीवर आहात का? बाळ घेऊन?"

"फरशीकडं निघालो व्हतो. झोळी केली. टेकडीवर येस्तवर ही आली."

"बरं केलंत. गाडी फरशीवर आहे, आत्ता येतेच तुमच्याकडे. नर्स आहे गाडीत." वेदिका भराभर बोलत होती, तिचा आवाज हलका झाला होता. "बाबा, मीनाताईंना फोन द्या ना जरा. नुसतं हो म्हणाल्या तरी चालेल. मला फक्त आवाज ऐकायचाय."

पलीकडे कुणी बोललं नाही. बाळ रडत होतं. त्याच्यामागे एक बाई रडत होती, ते आम्हाला आत्ता ऐकू आलं. मघापासून रडत असणार. आम्ही बाळाचंच ऐकत होतो.

"सांगितलं ना ताई," जयराम म्हणाला. "सुटली."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"रगत थांबलं नाय," तो म्हणाला. सकाळी जे तो बोलू शकला नव्हता ते आता सगळं बोलत होता. आता कसली लाज. "झोळीत सगळं रगत. आमचा पोरगा वाळू तिचे पाय वर धरून बसला. तिच्या सासूनं फडकी दाबली, लय दाबली. पाणी मागत व्हती. मंग नाय मागितलं."

डॉक्टरांनी वेदिकाच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये सांगितलं की बाळाला आजीच्या अंगाशी धरा, उघड्या अंगाशी, वरून जे कोरडं असेल ते गुंडाळा, डोकं झाका, गाडी येतेय, ती आता बाळासाठी येतेय. जयराम प्रत्येक गोष्टीला हां म्हणत होता. मग डॉक्टर दुसऱ्या फोनवर मोतीरामशी बोलायला वळले.

"ताई, हायेस का?" जयरामने विचारलं.

"आहे बाबा."

"सकाळी तूच व्हतीस ना? आवाज वळखला मी."

"मीच होते."

"तू म्हनलीस बाहेर काढू नका, म्हणून आम्ही थांबलो दुपारपावतर. वाळू म्हणत व्हता, झोळी करू, नेऊ. मीच म्हनलं, नाशिकच्या ताईनं सांगितलं, तिला कळतंय. माझंच चुकलं. मी नीट सांगाया पायजे व्हतं. सासऱ्याच्या तोंडून कसं बोलायचं, म्हणून येवढंच बोललो. त्येच्यात तुला कसं कळावं."

मला वाटलं ती फोन ठेवेल. मी असतो तर ठेवला असता. तिने दोन्ही हातांनी तो धरला होता.

"नाही बाबा," वेदिका म्हणाली. "तुम्ही नीट सांगितलं होतं."

पलीकडे वारा आणि ती पोरगी. तिला भूक लागली असावी. गाडी दिसेपर्यंत फोन चालूच ठेवा, असं वेदिकाने सांगितलं आणि जयराम बरं म्हणाला, अगदी सकाळी म्हणाला होता तसंच.